३१ जुलैनंतरचे दोन दिवस

चंद्रपूर, मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

दैनंदिनी लिहिण्याची सवय मला नाही. पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात अधीक्षक या नात्याने मी आजवर इतरांच्या टिप्पण्या तपासत आलो. स्वतःविषयी टिप्पणी लिहिण्याचा प्रसंग आला नव्हता. तो आज आला, कारण लष्कराच्या चौकशी मंडळाने मला साक्षीसाठी बोलावले आहे आणि या विषयावर घरात शांतपणे ऐकून घेईल असे कोणी उरलेले नाही.

प्रथम वस्तुस्थिती. माझी पत्नी नूतन येथील महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत असे आणि प्रादेशिक सेनेत कॅप्टन होती. प्रादेशिक सेनेचा अधिकारी एरवी तुमच्या-माझ्यासारखा नागरिक असतो. बोलावणे आले की तो गणवेश चढवतो आणि बोलावण्याची मुदत असेपर्यंत त्याचा दर्जा, त्याचे संरक्षण व त्याला लागू होणारा कायदा नियमित सैन्यातील अधिकाऱ्यासारखाच असतो. मुदत संपली की पुन्हा नागरिक. ती सेवेत असताना तिची जागा राखून ठेवणे महाविद्यालयावर कायद्याने बंधनकारक होते. माझ्यावर तसे बंधन कोणी घातलेले नव्हते. मी आपणहून राखून ठेवली होती.

या खेपेची तिची मुदत ३१ जुलै रोजी संपली. भामरागडला नदीकाठी झाडे लावणाऱ्या एका लहान तुकडीची ती प्रमुख होती. २ ऑगस्ट रोजी पर्लकोटा नदीच्या पुराने वेढलेल्या एका टोल्यातून, म्हणजे लहान पाड्यातून, बायकांना आणताना नाव उलटली. बायका वाचल्या. नूतन वाचली नाही.

मंडळाला ठरवायचे आहे ते एवढेच: त्या दोन दिवसांत ती कर्तव्यावर होती की नव्हती. होती असे ठरले, तर कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या अधिकाऱ्याचा मान आणि त्या मृत्यूने कुटुंबाला मिळणारे सर्व हक्क. नव्हती असे ठरले, तर पुरात बुडालेली एक धाडसी महिला.

माझे मत स्पष्ट आहे. आदेशात ३१ जुलै लिहिलेले आहे. तो दिवस सरला तेव्हापासून ती कोणाचीही अधिकारी नव्हती. ती माझी पत्नी होती आणि घरी यायची होती. सैन्याने तिला पुष्कळ नेले. हे दोन दिवस मी त्यांना देणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी मी कोणास सांगितलेली नाही. १ ऑगस्टच्या सकाळी तिचा शेवटचा फोन मला आला. मी म्हणालो, “आदेश संपला आहे. आज निघ.” ती म्हणाली, “अहो, कुलदीप पोचल्याशिवाय मी इथून हलू शकत नाही. माणसं माझ्या भरवशावर आहेत.” मग टॉवर बंद पडला.

कुलदीप म्हणजे तिच्या जागी येणारा अधिकारी. कॅप्टन कुलदीप नव्हे, कुलदीपसाहेब नव्हे. नुसते कुलदीप. आमच्या संसारात तिने माझे नाव कधी उच्चारले नाही. तिच्या आईची ती रीत होती आणि नूतन ती हसत पाळत असे. मी ‘अहो’ होतो. त्याला मात्र नाव होते.


शुक्रवार, १२ सप्टेंबर

अंत्यविधीपासून माझ्या सासूबाई मीराबाई आमच्याकडेच आहेत. आज मेथी निवडता निवडता त्यांनी अचानक विचारले,

“जवाईबापू, पोरीच्या आंगावर तिची वर्दी काऊन नाई घालू देली?”

“आई, मुदत संपली होती. गणवेश नियमबाह्य झाला असता. आपल्या धम्माच्या रीतीप्रमाणे पांढरी साडी हेच योग्य होते.”

“तारीख दुधाच्या थैलीवर रायते, बापू. मानसावर नाई रायत.”

आतल्या खोलीतून साक्षी हसली. माझी मुलगी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे आणि आईच्या मृत्यूनंतर ती प्रथमच हसली. विषयाचे गांभीर्य पाहता मला ते अनुचित वाटले. थोड्या वेळाने हसण्याचा आवाज बदलला, तेव्हा मीराबाई मेथी टाकून आत गेल्या. मी मेथी निवडली.


बुधवार, १७ सप्टेंबर

त्याचा फोन आला. “सर, मी कॅप्टन कुलदीप बोलतोय. भेटायला येऊ का?” मी रविवारी अकराची वेळ दिली. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला आहे.


रविवार, २१ सप्टेंबर

तो आला. वयाने नूतनपेक्षा बराच लहान, उंच, केस बारीक कापलेले. दारात जोडे काढून त्याने त्यांची तोंडे बाहेरच्या दिशेला केली. नूतनही तसेच करीत असे. ही सवय दोघांनी एकमेकांकडून उचलली की सैन्यात सर्वांनाच असते, हे विचारावेसे वाटले, विचारले नाही.

मीराबाईंनी चहा आणला. तो म्हणाला, “मॅडम सांगायच्या, घरी चहा सरच करतात. पत्ती चमच्याच्या काठाला सपाट करून घेतात.”

घरातील चहाची माहिती भामरागडपर्यंत जाण्याचे काही कारण नव्हते. तसे मी म्हणालोही. तो ओशाळला आणि मूळ विषयावर आला.

“सर, उशीर माझा झाला. मी नागपूरले एका कंपनीत इंजिनीअर आहो. बोलावणं आलं की कंपनीनं सोडलंच पाहिजे, कायदा आहे तसा. पण आमचे साहेब म्हणाले, मशीनरी बंद ठेवून दुरुस्ती चालू आहे, दोन दिवस काढ अन् मग जा. बायकोचे दिवस भरत आले होते. नोकरीवर ताण नको वाटला. कायदा काढून टेबलावर नाई ठेवला मी. २९ ले निघायचं ते ३१ ले निघालो. पर्लकोट्यावर पोचलो तं पूल पाण्याखाली.”

“म्हणजे आपण अलीकडच्या काठावर होता.”

“हो सर. मॅडम पलीकडं. रेडिओवर बोलत होतो.”

“किती वेळ?”

“दोन्ही दिवस. बॅटरी पुरवून पुरवून.”

मला एक फोन मिळाला होता, तोही मध्येच तुटलेला. याला दोन दिवस मिळाले. तिचा शेवटचा आवाज याच्या कानात आहे आणि हा माझ्या घरी, माझ्या खुर्चीत बसून माझा चहा पीत आहे.

तो सांगत राहिला. ठरल्या तारखेला कार्यभार आपोआप त्याच्याकडे गेला असे धरले, तर नाव पाण्यात घालण्याची जबाबदारी त्याची ठरते. त्याने कार्यभार घेतलाच नव्हता, तो नूतनकडेच होता, असे धरले तर ती कर्तव्यावर होती. “मी खरं तेच सांगीन, सर. पण ऐकणाऱ्याले वाटन, हा स्वतःले वाचवून राह्यला. माझ्या एकट्याच्या बोलण्याले वजन नाई.” मग खाली पाहत म्हणाला, “मॅडम म्हणाल्या होत्या, सकाळी घरी बोलणं झालं म्हणून. तुमच्याशी काही बोलल्या का, चार्जबद्दल?”

“ते पती-पत्नीचे संभाषण होते.”

“हो सर. बरोबर आहे, सर.”

तो गेल्यावर मीराबाई म्हणाल्या, “लेकरू गुणाचं हाये. जोडे घालताना रडत होता.”

रडण्याचा त्याला अधिकार काय, असे मनात आले. मी स्वतः अद्याप रडलेलो नाही.


गुरुवार, २ ऑक्टोबर

मंडळापुढे सादर करावयाचे निवेदन आज पूर्ण केले. भाषा संयत आहे. फोनचा उल्लेख टाळला आहे. कुलदीपचे नाव नाही. फक्त एवढेच की ३१ जुलैनंतर तिचे तेथील वास्तव्य ऐच्छिक होते.

सायंकाळी साक्षी कागद हातात घेऊन आली.

“बाबा, ऐच्छिक म्हणजे? आई पिकनिकले गेली होती का?”

“माझा कागद विनापरवानगी वाचणे योग्य नव्हे. आणि तो शब्द मी काळजीपूर्वक योजला आहे.”

“तेच तं! आईबद्दल तुम्ही कधी बिनकाळजीचा एक तरी शब्द वापरला का?”

मी चष्मा वर केला. तिच्या मागण्या फार नाहीत, हे मला मान्य केले पाहिजे. आईच्या तुकडीच्या वार्षिक दिनी कर्तव्यावर असताना मरण पावलेल्यांची नावे मोठ्याने वाचली जातात, सर्वजण उभे असतात. तेथे आईचे नाव वाचले जावे, एवढेच तिला हवे आहे.

“एकच सांगा,” ती म्हणाली. “बुडाली ती कॅप्टन होती, का तुमची बायको?”

“त्या क्षणी, माझी पत्नी.”

“मग तुमची बायको कोण होती हेच तुमाले मालूम नाई.”

तिने कागद टेबलावर ठेवला. कडा जुळवून ठेवला. तेवढे तिने माझ्याकडून घेतले आहे. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.


गुरुवार, १६ ऑक्टोबर

मीराबाईंना घेऊन येथील दीक्षाभूमीवर गेलो. प्रचंड गर्दी. समता सैनिक दलाच्या मुली गणवेशात रांगेने उभ्या होत्या. त्यांतली एक टोपी सरळ करीत होती, आणि मी उगाच तिच्याकडे पाहत राहिलो.

माझ्या कार्यालयातील एक जुने सहकारी भेटले. “वहिनी शहीद झाल्या ना हो?” त्यांनी विचारले.

“प्रकरण विचाराधीन आहे,” मी म्हणालो.

मीराबाई माझ्या हाताला धरून मला बाजूला घेऊन गेल्या, जणू मीच म्हातारा होतो.


भामरागड, शनिवार, २५ ऑक्टोबर

नूतनचे सामान ताब्यात घेण्यासाठी आलो आहे. हे अधिकृत कारण. खरे कारण लिहिण्यास हरकत नाही, कारण ही वही कोणी वाचणार नाही: बदलीच्या प्रत्येक वेळी ती आणि तो दोन-तीन दिवस येथे एकत्र असत, असे माझ्या लक्षात आले आहे. ते दिवस कसे जात, हे मला पाहायचे होते.

आलापल्लीपासून रस्ता सागाच्या दाट जंगलातून येतो. पर्लकोटेचा पूल आता पाण्याच्या कितीतरी वर आहे. नदी शांत आहे. अशी नदी माणूस नेऊ शकते, यावर विश्वास बसत नाही.

तुकडीचे हवालदार धनराज यांनी मला बसवले, पाणी दिले आणि निरखून पाहिले.

“तुमीच प्रफुलसाहेब ना?”

“होय. आपण कसे ओळखले?”

“आता का सांगू साहेब! मॅडमच्या तोंडी आखा दिवस तुमीच. प्रफुल असा म्हणते, प्रफुल तसा म्हणते. भाजीत मीठ कमी पडलं तं म्हणे, ‘प्रफुल असता तं लेखी कळवलं असतं!’”

आजूबाजूचे जवान हसले. एकाने तर माझ्यासारखे चष्मा वर करून दाखवले. हे त्याला कोणी शिकवले असेल हे उघड आहे. पाण्याचा पेला हातात होता, तो मी बराच वेळ तसाच धरून होतो.

मग लागवड पाहिली. बांबू, अर्जुन, करंज, ओळीने नदीच्या काठाकाठाने. पुराने निम्मी झाडे नेली, निम्मी उभी आहेत. बदली कशी होते, असे मी विचारले. धनराज उत्साहाने सांगू लागले. जुना अधिकारी आणि नवा अधिकारी सगळी लागवड मिळून पायी फिरतात. प्रत्येक रोपाला जुना हात लावतो, “दिलं” म्हणतो. मग नवा हात लावतो, “घेतलं” म्हणतो. मागे तुकडीचे बाकी जवान. उन्हातान्हात याला दोन दिवस लागतात, कधी तीन.

“याकरिता दोन-तीन दिवस?”

“मंग का तं! अन् आमी सारे मागं मागं. कुलदीपसाहेब तं वैतागून जाये. पाय दुखते म्हणे.”

“हा नियम मुख्यालयाचा आहे?”

“नाई साहेब, मॅडमचा. पयले कागदावरच चार्ज होये. कागदावर झाडं हिरवी अन् इथी काड्या. मॅडम आल्या अन् म्हणे, हातात हात देल्याशिवाय पोरगी सासरी जात नाई, रोप कसं जाईन? तवापासून चालू हाये.”

“आणि नवा अधिकारी वेळेवर आलाच नाही तर?”

“तं जुना थांबते. क्यालेंडर नाई पाहत.”

सावली येथील उपविभागातून माझी बदली झाली होती तेव्हा मीही माझ्या जागी येणारे गृहस्थ येईपर्यंत खुर्ची सोडली नव्हती, आणि नूतनने चिडून दोन वेळा माझा डबा पाठवला नव्हता. परंतु ते प्रकरण वेगळे होते. तेथे कोणी कुलदीप नव्हता.

दुपारी धनराज मला टोल्यात घेऊन गेले. नावेत असलेल्या बायकांपैकी सोनीबाई तेथे राहतात. माडिया आदिवासी कुटुंब, मराठी मोजकी बोलतात. त्यांनी मला काही न विचारता गावाबाहेर नेले. तेथे त्यांच्या कुळातील मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड आहेत, काही माणसाच्या उंचीचे, काही गुडघ्याएवढे. टोकाच्या एका दगडाभोवतीची माती अजून ओली-सैल होती.

“हा बाईचा,” त्या म्हणाल्या.

“कोणाच्या परवानगीने?” मी विचारले. धनराज यांनी गोंडीत काहीतरी सांगितले. मी विचारले होते त्यापेक्षा ते वाक्य बरेच मऊ असावे.

सोनीबाई म्हणाल्या, “मेली तं दगड मांडा लागते. नाई मांडला तं कुठी बसन ते?”

“आम्ही बौद्ध आहोत. आत्मा कोठे बसतो, असे आम्ही मानत नाही. शिवाय ती आपल्या कुळातील नव्हती.”

हे धनराज यांनी भाषांतरित केले नसावे असा माझा समज आहे. कारण सोनीबाईंनी माझ्या दंडावर थोपटले आणि घरी नेऊन पळसाच्या पानावर भात वाढला. जेवलो. पानावरचे एक शीतही टाकले नाही.


चंद्रपूर, सोमवार, २७ ऑक्टोबर

आज कार्यालयात लक्ष लागले नाही.

ती माझे नाव घेत असे. रोज. धनराज यांच्यासमोर, स्वयंपाक करणाऱ्या जवानासमोर, कदाचित सोनीबाईंसमोरही. माझ्या नावाचा तिच्या तोंडून आवाज कसा येतो हे त्या सर्वांना ठाऊक आहे. कुलदीपलाही ठाऊक असणार. मला ठाऊक नाही, आणि आता होणार नाही.

आज आरशासमोर एकदा स्वतःच म्हणून पाहिले. उपयोग झाला नाही.


गडचिरोली, मंगळवार, ४ नोव्हेंबर

मंडळ येथील विश्रामगृहात बसले. एक कर्नल अध्यक्ष, दोन अधिकारी सदस्य, एक टंकलेखक. मला मागच्या खुर्चीवर बसू दिले. माझे निवेदन पिशवीत होते.

प्रथम कुलदीप. त्याने उशिराचे सांगितले, कंपनीचे सांगितले, स्वतःची चूक झाकली नाही. कार्यभार नूतनकडेच होता, हे सांगितले. धनराज यांनी रोपांना हात लावण्याची रीत सांगितली. कर्नल लक्षपूर्वक ऐकत होते, पण त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

“रीत चांगली आहे,” ते म्हणाले. “पण ती बाईंनी स्वतः सुरू केली. मुख्यालयाचा तसा हुकूम नाही. कॅप्टन कुलदीप, तुम्ही म्हणता त्या कर्तव्य म्हणून थांबल्या. उद्या कोणी म्हणेल, रस्ता बंद होता म्हणून अडकल्या, आणि नावेत बसल्या त्या स्वतःच्या मर्जीनं. ‘जबाबदारी अजून माझ्याकडे आहे,’ असं त्या तुमच्याशिवाय आणखी कोणाशी बोलल्या होत्या का?”

कुलदीपला माझ्या फोनचे ठाऊक होते. तो मागे वळला असता, तर सर्वांनी माझ्याकडे पाहिले असते. तो वळला नाही. त्याची मान लाल झालेली मला मागून दिसत होती.

“मला सांगता येणार नाही, सर,” तो म्हणाला.

मग माझे नाव पुकारले गेले. कर्नलनी सांत्वनाचे दोन शब्द सांगितले आणि विचारले, “आपलं त्यांच्याशी शेवटचं बोलणं केव्हा झालं?”

‘ते पती-पत्नीचे संभाषण होते,’ हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होते. ते मी का उच्चारले नाही, याविषयी स्वतःची फसवणूक करण्यात अर्थ नाही. मला एकाएकी उदार वाटले नाही. मला एवढेच दिसले की मी गप्प राहिलो, तर नूतन कॅप्टन म्हणून गेली याचा एकमेव साक्षीदार तो उरतो. जगात तिच्या बाजूने एकच माणूस बोलला आणि तो कुलदीप, असे कायमचे नोंदले जाईल. हे मला सहन होणे शक्य नव्हते.

“१ ऑगस्टच्या सकाळी,” मी म्हणालो. “फोनवर.”

“शब्द आठवतात?”

“आठवतात. ‘अहो, कुलदीप पोचल्याशिवाय मी इथून हलू शकत नाही. माणसं माझ्या भरवशावर आहेत.’”

टंकलेखकाने ‘अहो’ लिहायचे का, असे विचारले. मी म्हणालो, लिहा.

“हे आपण आधी कळवलं नाहीत.”

“नाही. मी त्याचा निराळा अर्थ घेतला होता.”

“कोणता?”

“तो नोंदवण्याजोगा नाही.”

कर्नलनी माझ्याकडे पाहिले, मग कुलदीपकडे, आणि तो प्रश्न सोडून दिला. सज्जन माणूस असावा.

“आपण त्यांना घरी यायला सांगितलं होतं?”

“आज निघ, असे स्पष्ट सांगितले होते.”

“आणि त्या?”

हे मी आजवर स्वतःशीसुद्धा उच्चारले नव्हते.

“तिने नकार दिला. तिचा कार्यभार संपलेला नव्हता.”

निवेदन सादर करायचे आहे का, असे शेवटी विचारण्यात आले. मी नाही म्हणालो. बाहेर कुलदीप जिन्याशी उभा होता. त्याच्या घरी ऑगस्टमध्ये मुलगी झाली, असे त्याने सांगितले. मी अभिनंदन केले. त्याला आणखी काही बोलायचे होते, पण माझी बस होती.


चंद्रपूर, रविवार, १४ डिसेंबर

मंडळाचा निर्णय गेल्या आठवड्यात कळला. कॅप्टन नूतन या २ ऑगस्ट रोजी कर्तव्यावर होत्या. साक्षीने तो मजकूर मोठ्याने वाचला, मग आजीसाठी पुन्हा वाचला. मीराबाईंनी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. मग साक्षी माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “थँक्यू, बाबा.” दोन महिन्यांनी माझ्याशी बोललेले ते तिचे पहिले शब्द.

ते दोन दिवस आता सैन्याचे आहेत. मीच दिले. त्याचे मला बरे वाटते असे लिहिले तर ते खोटे होईल.

आज तुकडीतील काही जवान रजेवर जाताना घरी आले. धनराज होते, आणखी चौघे होते, आणि कुलदीप होता. नूतनची टोपी त्यांनी साक्षीच्या हातात दिली. मीराबाईंनी सर्वांना जमिनीवर पंगतीने बसवले. वांग्याची भाजी, भाकरी, भात. मीराबाई वाढताना प्रत्येकाला रागावत होत्या.

“हे का चिमणीवानी खाऊन राह्यले तुमी! माही पोरगी असं जेवू देत होती का तुमाले?”

“नाई आजी, मॅडम तं पान पाहून मगच उठू दे,” एकजण म्हणाला. मग एकेकाने सांगण्यास सुरुवात केली. मॅडम पोहायला कशा शिकवीत, मॅडमनी कोणाची प्रेमपत्रे कशी सुधारून दिली, साप निघाला तेव्हा सगळे पळाले आणि मॅडम त्याचे शास्त्रीय नाव सांगत उभ्या राहिल्या. साक्षी पोट धरून हसत होती. मी ऐकत होतो. यातील एकही गोष्ट मला ठाऊक नव्हती. प्रत्येक वेळी काहीतरी माझ्या हातून काढून घेतल्यासारखे होत होते.

तेवढ्यात धनराज म्हणाले, “साहेब, आमचंच चालू हाये. मॅडम घरी कशा होत्या जी?”

सगळे थांबले. एकाचा घास हातातच राहिला. कुलदीप पुढे झुकला होता, आणि त्याचे डोळे पाहताच माझ्या ध्यानात आले की त्याला काहीच ठाऊक नाही. दोन दिवस रेडिओवर बोलला, सगळी लागवड तिच्याबरोबर चालला, पण सकाळी उठल्यावर ती पहिली गोष्ट कोणती करीत असे, रुसली म्हणजे कोठे जाऊन बसत असे, हे त्याला ठाऊक नाही. त्याला ते फार हवे होते. ती नजर मी ओळखतो.

मीराबाईंनी सांगण्यासाठी तोंड उघडले.

“आई,” मी म्हणालो, “कॅप्टनसाहेबांना भाजी वाढा. त्यांचे पान रिकामे आहे.”

त्यांनी वाढली. साक्षी माझ्याकडे पाहत होती आणि, माझा समज चुकत नसेल तर, ओठ दाबून हसत होती. सहाही जण अजून वाट पाहत होते. उत्तर माझ्यापाशी होते, सगळेच्या सगळे, एका बैठकीत सांगून संपणार नाही एवढे. त्यातले एक वाक्यही मी त्यांना दिले नाही. येथेही लिहिणार नाही.